सहीपुरते पालक

प्रति,
माननीय शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



१९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी मजुराच्या घरात एक रुपया ही मोठी रक्कम होती. गुरांमागे, शेतावर, धाकट्या भावंडांच्या राखणीला मूल हवं असायचं. तिथून ते सोडवून वर्गात आणायला कायद्याचा धाक लागत होता. शंभर वर्षांत चित्र पालटलं. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक वाड्यावस्त्यांवर आईबापांना शाळेचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. पोटाला चिमटा काढून शिकवणीची फी भरणारी, कर्ज काढून मुलाला तालुक्याच्या शाळेच्या बसमध्ये बसवणारी माणसं गावोगावी आहेत. पालक बदलले, पण शाळेनं त्यांना हाक मारण्याची रीत मात्र फारशी बदलली नाही. बोलावणं येतं ते सहीसाठी, वर्गणीसाठी, नाहीतर मुलाची तक्रार ऐकून घेण्यासाठी. मूल काय शिकतंय, कुठे अडलंय आणि घरून काय करता येईल, एवढंच बोलायला पालकाला बोलावलंय, असं क्वचित घडतं.

हे पत्र त्या बोलावण्यासाठी आहे.

कायद्यानं आपला वाटा उचललेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा. या कलमाची चर्चा पुष्कळ झाली. त्याच कायद्यातलं कलम २४ मात्र शिक्षकांच्या कर्तव्यांच्या यादीत मागे राहून गेलं. पालकांच्या नियमित बैठका घेणं आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्यानं केलेली प्रगती पालकांना सांगणं, हे त्या कलमानं शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं त्याच यादीत आहे. अभ्यासक्रम पूर्ण झाला का, हे केंद्रप्रमुख विचारतात. आईशी शेवटचं बोलणं कधी झालं, हे किती तपासणी भेटींत विचारलं जातं?

समितीचं प्रत्यक्षात काय होतं, हे शाळेशी संबंध असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मुख्याध्यापक सदस्य सचिव. इतिवृत्त त्यांनीच लिहायचं, बहुतेक वेळा बैठकीच्या आधीच किंवा नंतर सवडीनं. मग वही एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा बोलतो. रोजंदारीवर जाणारी बाई सकाळी अकराच्या बैठकीला येऊच शकत नाही, म्हणून तिच्या नावापुढे अंगठा तेवढा उमटतो. याचं खापर मुख्याध्यापकांवर फोडणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. अनेक शाळांत त्या बाई किंवा ते गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळून पोषण आहाराचा हिशेब ठेवतात, ऑनलाइन माहिती भरतात आणि वरून एकामागून एक नव्या समितीचं परिपत्रक येतं.

२००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांमध्ये झालेला एक अभ्यास आपल्या विभागात प्रत्येकानं वाचावा. 'प्रथम' ही संस्था आणि अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रॅचेल ग्लेनरस्टर, स्तुती खेमानी या अभ्यासकांनी तो केला. तिथे ग्राम शिक्षण समित्या होत्या, पण अशी समिती असते हे बहुतेक गावकऱ्यांना माहीत नव्हतं. ज्यांची नावं सदस्य म्हणून लागली होती त्यांतल्या काहींनाही आपण सदस्य आहोत याचा पत्ता नव्हता. अभ्यासकांनी गावसभा घेतल्या, समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत मुलांना वाचता येतं का हे गावकऱ्यांनीच कसं तपासायचं, तेही शिकवलं. एवढं करून शाळेत काही हललं नाही. पालकांचा सहभाग वाढला नाही आणि मुलांचं शिकणंही. फरक पडला तो तिसऱ्या प्रकारच्या गावांमध्ये. तिथे माहितीच्या जोडीला गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वर्ग चालवले. जी मुलं त्या वर्गांना आली, ती वाचायला लागली. लोकांना अधिकार असल्याचं सांगून भागलं नाही. हाताला काम दिलं तेव्हा मुलं शिकली. समितीच्या प्रशिक्षणावर दरवर्षी होणारा खर्च या निष्कर्षाच्या उजेडात पुन्हा तपासायला हवा.

पालकांसोबत काम कसं करायचं हे शिकायला परराज्यातच जायला हवं असं नाही. आपल्याकडे याचा पाया फार पूर्वी घातला गेला आहे.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. सरकारी खाक्यात याचं उत्तर ठरलेलं असतं, 'पालक उदासीन आहेत'. ताराबाईंनी ते उत्तर घेतलं नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात नेऊ, असं त्यांनी ठरवलं आणि पाड्यावरच्या झोपडीसमोर वर्ग भरू लागला. अंगणवाडी हे नाव आणि ही कल्पना तिथली. पुढे ती देशभर गेली. मोठी मुलं गुरं चारायला रानात जात, म्हणून शाळा रानात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले. मुली येत नव्हत्या कारण कडेवर धाकटं भावंड असायचं, म्हणून शाळेच्या जोडीला पाळणाघर आलं. प्रत्येक वेळी आधी घराची अडचण समजून घेतली गेली आणि तिच्याप्रमाणे शाळेची घडी बदलली गेली. मूल का आलं नाही हे विचारायला शिक्षिका पाड्यावर गेल्या, तिथे बसल्या, म्हणूनच कडेवरचं भावंड त्यांना दिसलं. वर्गात बसून हजेरीपटावर ते दिसलं नसतं. आज आपण ज्याला गृहभेट म्हणतो आणि ज्याचा रकाना नोंदवहीत भरतो, तिचं मूळ प्रयोजन हे आहे.

अलीकडचं उदाहरण आपल्या विभागाचंच आहे. करोनाची दोन वर्षं सरल्यावर २०२२ मध्ये शासनानं 'प्रथम'च्या साथीनं 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान घेतलं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावा भरला. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी अशी टेबलं मांडली होती. मूल आईचं बोट धरून एकेका टेबलाजवळ जाई, उड्या मारी, चित्रावर बोले, खडे मोजी; काय जमलं, काय नाही, ते आईच्या देखत कार्डावर लिहिलं जाई. शेवटच्या टेबलावर आईशी बोलणं होई. मग वाडीतल्या पाच-सहा आयांचा एक गट बने आणि पुढचे काही आठवडे त्यांच्या फोनवर छोट्या कृतींचे व्हिडिओ येत. त्यासाठी लागणारं सगळं साहित्य घरातच होतं: भाजी निवडताना शेंगा मोजायच्या, ताटं-वाट्या लहान-मोठ्या क्रमानं लावायच्या, पिशवीवरचं अक्षर शोधायचं.

या मेळाव्याचं मोल कार्यक्रमाच्या थाटात नव्हतं. वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या आईनं पहिल्यांदाच आपलं मूल शिकताना डोळ्यांनी पाहिलं, हे महत्त्वाचं. 'ब श्रेणी' या शब्दांनी तिला काहीच कळत नाही. मूल वीसपर्यंत मोजतं पण डब्यातले सात खडे मोजून द्यायला सांगितलं की गोंधळतं, हे समोर दिसलं की तिला सगळं कळतं. त्यासाठी तिला स्वतःला वाचता यायची गरज नसते.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आया घरी बसून शिकवतील आणि शाळेची उणीव भरून निघेल, असा याचा अर्थ कुणी काढू नये. २०११-१२ मध्ये राजस्थानातल्या अजमेर आणि बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यांत ४८० गाववस्त्यांमध्ये आयांचे साक्षरता वर्ग आणि घरोघरी मार्गदर्शन असे दोन्ही प्रयोग तपासून पाहिले गेले. आया शिकल्या, मुलांच्या अभ्यासात त्यांचं लक्ष वाढलं. मुलांच्या गणितात वाढ झाली, पण ती लहान होती. घर हा शाळेचा आधार आहे, शाळेची बदली नाही. शिक्षकांच्या रिक्त जागा न भरता माता गटांच्या याद्या मागवणं हा आयांवर अन्यायच ठरेल.

संवाद कसा करायचा, याचंही काही गणित आता हाती आलं आहे. करोनाकाळात शाळा बंद असताना बोत्सवाना या आफ्रिकी देशात साडेचार हजारांवर कुटुंबांमध्ये एक तुलना झाली. काहींच्या फोनवर दर आठवड्याला गणिताचा एक संदेश गेला. काहींना संदेशाच्या जोडीला मार्गदर्शकाचा फोनही आला. पंधरा-वीस मिनिटं, पालक आणि मूल दोघं फोनजवळ. नुसत्या संदेशानं फारसं साधलं नाही. फोन आलेल्या घरांत मुलांचं गणित स्पष्टपणे सुधारलं. आपल्या शाळांचे व्हॉट्सअ‍ॅप गट या जोडीच्या कोणत्या बाजूला बसतात? सूचना, सुट्टीची घोषणा, जयंतीची पोस्टर, फोटो. गटात दोनशे संदेश पडतात आणि बांधकामावर विटा वाहणाऱ्या बापाला त्याच्या मुलीविषयी एकही वाक्य मिळत नाही.

घरातला अभ्यास गावानंच हाती घेतल्याचं उदाहरणही आपल्याकडे आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव बातम्यांत आलं ते २०२२ मध्ये. करोनानंतर मुलांच्या हातातला मोबाइल सुटत नव्हता. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातल्या महिलांची सभा झाली आणि ठराव झाला: संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, तेव्हापासून दीड तास घराघरातला टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन समजावत राहिले. नुसता भोंगा वाजवून हे झालं नसतं. नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू होता आणि मालिका बंद करण्याचा निर्णय मालिका पाहणाऱ्यांनीच घेतला होता, म्हणून तो पाळला गेला. जिल्हा परिषदेनं हाच आदेश वरून काढला असता तर भोंगा आठवडाभरच वाजला असता.

सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती आहे. करोनाकाळात शाळा बंद पडल्या आणि स्मार्टफोन घरोघर नव्हते, तेव्हा आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातले धडे वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर रंगवून घेतले. अक्षरं, पाढे, विज्ञानाच्या आकृत्या, सगळं गल्लीत. घरमालकांनी भिंत दिली, हा पालकांचा सहभाग कुठल्याही वर्गणीच्या पावतीवर दिसणार नाही. विडी वळत उंबऱ्यात बसलेल्या बाईच्या समोर मूल भिंतीवरचा पाढा म्हणतं, तेव्हा ती त्या अभ्यासाचा भाग होते.

वर्गणीचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्ट बोलू. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या लाटेत गावांनी लोकवर्गणीतून शाळा रंगवल्या, पडदे, प्रोजेक्टर, टॅब आणले. ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची अभिमानाची गोष्ट आहे. पण लोकसहभाग म्हणजे रुपये, हे समीकरण त्यातून घट्ट झालं. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत तो पालक सभेत मागच्या रांगेत सरकला आणि हळूहळू यायचाच थांबला. अशा पालकाकडेही शाळेला देण्यासारखं बरंच असतं. वारली बाईला रानभाज्यांची नावं आणि हंगाम माहीत असतात, गवंड्याला कोन आणि ओळंबा कळतो, मच्छीमाराला भरती-ओहोटीचं तिथीनुसार गणित तोंडपाठ असतं. परिसर अभ्यासाच्या तासाला त्यांना एकदा बोलवा. मुलासमोर आईबापांची मान उंचावली की घरी अभ्यासाविषयी बोलणं आपसूक सुरू होतं.

निरक्षर पालकाची शाळेविषयीची भीती हाही किरकोळ मुद्दा नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठी-सत्तरीच्या आज्या वर्गात बसल्या. जगभरच्या कॅमेऱ्यांनी ती साडी टिपली. गावाच्या दृष्टीनं त्याहून मोठं हे की नातवंडाच्या अभ्यासाकडे आजी आता परक्यासारखी पाहत नव्हती.

भाषेची अडचण याच जातीची आहे. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, तरी कित्येक पालकांची घरची भाषा या आठांत नसते. मेळघाटातली कोरकू बोलणारी आई, गडचिरोलीतला गोंडी बोलणारा बाप, साताऱ्यात मजुरीला आलेलं परप्रांतातलं जोडपं प्रमाण मराठीतल्या सभेत गप्प बसतं आणि आपण त्या गप्प बसण्याला अनास्था म्हणून मोकळे होतो.

आणि ज्या पालकांना सभेला येणं शक्यच नाही, त्यांचं काय? बीड, जालना, पाथर्डी या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयत्याला नवरा-बायको दोघं लागतात. मुलं सोबत गेली तर अड्ड्यावर राहतात, मागे राहिली तर आजी-आजोबांकडे. शासनानं या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं काढली, शाळा बदलताना खंड पडू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड आणलं. जनार्थसारख्या संस्थेनं कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. यातली प्रत्येक गोष्ट मुलासाठी आहे. आईबापांशी शाळेचं नातं मात्र त्या पाच-सहा महिन्यांत पुरतं तुटतं. डिसेंबरची पालकसभा गावात होते आणि पालक कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडात असतात. आता जवळजवळ प्रत्येक टोळीत फोन असतो. पंधरवड्यातून एकदा रात्री आठनंतर मुलाला आईशी बोलायला लावून त्यानं आठवड्यात वाचलेला परिच्छेद तिला ऐकवणं, याला कुठल्या योजनेची गरज आहे? गरज आहे ती शिक्षकाच्या रात्री आठनंतरच्या अर्ध्या तासाला विभागानं काम म्हणून मान देण्याची.

सगळं इथेच येऊन अडतं. पालकांशी बोलायला वेळ लागतो आणि शिक्षकाच्या वेळापत्रकात त्यासाठी एकही तास नाही. कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. तरी वर्षभर माहिती भरण्याचं ओझं राहतं आणि मतदार याद्यांचं कामही. गृहभेट ही मग संध्याकाळी घरी जाता जाता, स्वतःच्या पेट्रोलनं, स्वतःच्या मर्जीनं करायची गोष्ट उरते. ज्या शिक्षकांनी ती वर्षानुवर्षं केली, त्यांच्या चांगुलपणावर राज्याची व्यवस्था चालवणं बरोबर नाही.

म्हणून या पत्रातून आपल्याकडे काही ठोस गोष्टी मागितल्या आहेत.

पालकसभेची वेळ शाळेनं गावाच्या मजुरीप्रमाणे ठरवावी, असा आदेश निघावा. कापूस वेचणीच्या दिवसांत विदर्भात सकाळी अकराला आई येणार नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते तिथे त्या दिवशी, नाहीतर दिवेलागणीनंतर सभा घ्यावी. संध्याकाळची सभा आणि गृहभेट कामाच्या तासांत धरली जावी, त्याच्या बदल्यात शिक्षकाला सकाळी तेवढी सवलत मिळावी. सत्रातून एकदा प्रत्येक पालकासमोर मुलानं वाचून दाखवावं, एक उदाहरण सोडवावं आणि शिक्षकानं घरी करायची एकच सोपी गोष्ट सांगावी; दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं त्या मुलाची आणि त्याच्या घराचीच राहावीत, त्यांत सगळ्यांसमोर क्रमांक सांगणं किंवा तक्रारींचा पाढा येऊ नये. समितीच्या बैठकीत इमारत आणि निधी यांच्या आधी पहिला विषय एकच असावा: तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं. आणि केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत इतिवृत्ताची वही पाहण्याआधी समितीतल्या दोन आयांच्या घरी जावं, मागच्या बैठकीत काय ठरलं ते त्यांना विचारावं.

यातल्या एकाही गोष्टीसाठी अंदाजपत्रकात नवं शीर्ष उघडावं लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा दारावर तोरण लावून, फुलं देऊन मुलांचं स्वागत होतं. या जूनपासून निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात वरच्या मागण्या अमलात आणाव्यात आणि मार्चमध्ये त्या तालुक्यातली मुलं कितपत वाचू लागली, हे त्यांच्या पालकांच्या समक्ष तपासून जाहीर करावं, ही विनंती.

आपला,
एक शिक्षणप्रेमी नागरिक